अजून हवा झाली नाही

नाटकाच्या गाडीवर मी पंचवीसहून जास्त वर्षं काढली. पहिली चार किन्नर, म्हणजे क्लीनर म्हणून, पुढची सगळी स्टिअरिंगवर. आंबा, फोंडा, आंबोली, कशेडी, खंबाटकी, सगळे घाट रात्री-अपरात्री केले. मागे पंचवीस माणसं झोपलेली आणि डिकीत-टपावर कुणाचा तरी आख्खा दिवाणखाना बांधलेला. घाटात गाडी कधी लागली नाही. माझ्या हातून जी नुकसानं झाली आणि जे दोन-तीन जिवावरचे प्रसंग आले, ते सगळे गाडी उभी असताना, नाहीतर जेमतेम हलायला लागलेली असताना. घाटातल्या गोष्टी सांगणारे ड्रायव्हर पुष्कळ आहेत, त्यांना त्या सांगू देत. मी चालू करण्याच्या आणि बंद करण्याच्या सांगतो.

माझ्या हाताखालून दोन गाड्या गेल्या. पहिली १९८० च्या आसपासची, हवेचे ब्रेक पण हँडब्रेक ओढायच्या दांड्याचा, टर्बो नाही. दुसरी अशोक लेलँडच्या चेसीवर बांधलेली लक्झरी, हिनो बनावटीचं सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन. आमच्याकडे आली तेव्हाच दहा वर्षांची होती. दोन्हींमध्ये संगणक नावाची गोष्ट नव्हती. आजची गाडी न्यूट्रल नसेल तर स्टार्टरच घेत नाही, काही चुकलं की दिवा लावते. जुन्या गाडीचा हा सगळा शहाणपणा ड्रायव्हरच्या डोक्यात ठेवावा लागतो, आणि ते डोकं पहाटे चारला, दोन तासांच्या झोपेवर चालवायचं असतं.

१. चावी खिशात, आधी फेरी.

मे महिन्यातली दुपार, सावंतवाडी. प्रयोग रात्री होता, म्हणून गाडी सकाळपासून एका आंब्याखाली उभी. साडेतीनला ती नाट्यगृहाच्या मागच्या दाराला लावून सेट उतरवायचा होता. दार उघडून पायरीवर पाय ठेवला आणि मागच्या चाकापाशी निळ्या पट्ट्याच्या स्लिपरचा जोड दिसला. एक सरळ, एक उलटी. चपला इथं सोडून माणूस गेला कुठे? वाकून बघितलं तर नेपथ्यवाल्यांतला एक पोरगा ताडपत्री अंथरून आसाखाली घोरत होता. एक हात आतल्या टायरला टेकलेला. आवारात गार सावली तेवढीच होती, त्याचं तरी काय चुकलं? त्याला उठवला, चहा पाजला. माझे हात मात्र गाडी दाराला लावून झाली तरी थरथरायचे थांबेनात.

तेव्हापासून गाडी पाच मिनिटं उभी असो की पाच दिवस, आधी पूर्ण फेरी. दोन्ही बाजूंनी वाकून खाली नजर, मागच्या पत्र्यावर दोन थापा, एक हाळी. निदान कुत्री तरी निघतातच. कुणी खाली शिरून काम करत असेल तर चावी त्याच्या खिशात राहते, माझ्या नाही.

फेरीत जमीनही वाचायची. डाग दिसला तर बोट लावून नाकाशी न्यायचं. डिझेल, ऑइल आणि रेडिएटरचं पाणी या तिघांचा वास आणि बोटाला लागणं वेगवेगळं असतं, दहा दिवसांत कळायला लागतं. रात्री गळालेलं थेंबभर डिझेल सकाळच्या निम्म्या भानगडी आधीच सांगून टाकतं.

२. काडीवर विश्वास, पण वेळ बघून.

ऑइलची काडी रात्रभर उभ्या गाडीची बघायची, तीही सपाट जागेवर. नुकत्याच बंद केलेल्या इंजिनात ऑइल वरच अडकलेलं असतं. काडी कमी दाखवते आणि माणूस उगाच लिटरभर ओततो. ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. पातळी आपोआप वाढलेली दिसली तर खूश व्हायचं नाही, डिझेल उतरत असणार. दोन्ही वेळा स्टार्टरला हात लावायचा नाही, मेस्त्रीला फोन लावायचा. फॅनचा पट्टा अंगठ्याने दाबून बघायचा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नये हे मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. डाव्या मनगटावरचा डाग तरीही आहे.

३. बॅटऱ्या दोन असल्या तरी जीव एकच.

मोठ्या गाडीला २४ व्होल्ट लागतात, म्हणजे बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडलेल्या. दौऱ्यावरच्या मंडळींना गाणी लागतात. टेप बारा व्होल्टचा. कुण्या हुशार वायरमनने तो एकाच बॅटरीवरून ओढून दिला आणि मीही त्याला शाबासकी दिली. अल्टरनेटरला बिचाऱ्याला हे कळत नाही, तो दोघींना सारखंच वाढतो. जिच्यावर टेप आहे ती कायम उपाशी आणि दुसरीला रोज अजीर्ण, तिचं पाणी उकळून जातं. पाच महिन्यांत जोडी गेली. त्यानंतर चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर बसवला. बॅटऱ्या बदलायच्या तर दोन्ही एकदम, एकाच वयाच्या. एक नवी एक जुनी लावली की नवी महिन्याभरात म्हातारी होते.

दुसऱ्या गाडीवरून करंट घ्यायचा तर ती चोवीसचीच हवी. मदतीला आलेल्या जीपला आमच्या केबल लावू देणं म्हणजे त्या भल्या माणसाच्या जीपचं वायरिंग जाळणं. शेवटची चिमटी बॅटरीवर लावायची नाही, लांब चेसीच्या उघड्या लोखंडाला लावायची. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून जो वायू निघतो तो पेटतो, आणि शेवटची चिमटी हमखास ठिणगी देते. बॅटरी काढायची असेल तर निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी. असं का, ते माझ्या चौदाच्या पान्याला विचारा. त्याच्या मधोमध खोल खाच आहे. पॉझिटिव्ह सोडताना तो पत्र्याला टेकला आणि जागच्या जागी वितळला. तेव्हा हातात अंगठी नव्हती, हे नशीब.

४. दहा सेकंद. मग हात काढा.

क्लच पूर्ण दाबून, गिअर हलवून न्यूट्रलची खात्री करून, हँडब्रेक लावून स्टार्टर मारायचा तो जास्तीत जास्त दहा सेकंद. नाही पकडलं तर अर्धं-एक मिनिट गप्प बसायचं. असं तीनदा. चौथ्यांदा मारायचा नाही, उतरून कारण शोधायचं. स्टार्टरची मोटर थोड्या वेळासाठीच बनवलेली असते, ती वीस-वीस सेकंद रगडली की आतून भाजते. आणि ज्या बॅटरीने चौथ्या झटक्याला गाडी चालू झाली असती, ती आपणच रिकामी केलेली असते.

डिसेंबरात नाशिकला पहाटे गाडी कुरकुर करते त्याचं कारण साधं आहे. डिझेलला ठिणगी नसते. दाबून तापलेल्या हवेतच ते पेटतं. थंडीत बॅटरी मरगळते, ऑइल घट्ट होतं, इंजिन हळू फिरतं आणि हवा पुरेशी तापत नाही. यावर उपाय चांगली बॅटरी. पण लोक काय करतात? काठीला चिंधी गुंडाळून, रॉकेलमध्ये बुडवून, पेटवून एअर क्लीनरच्या तोंडाशी धरतात. मी हे तीनदा पाहिलंय. तिसऱ्या वेळी एअर क्लीनरमधला कागदी फिल्टर पेटला आणि पाण्याच्या बादल्या आणायला अख्खा ढाबा धावला. स्प्रेचे डबे मिळतात, तेही त्याच जातीचे. ज्या इंजिनात हवा तापवायचा हीटर आहे तिथं असला स्प्रे मारणं म्हणजे तोफेला बत्ती देणं.

बाहेर थंडी नसताना नुसताच स्टार्टर फिरत राहिला तर बहुतेक वेळा डिझेलच्या लाइनीत एअर धरलेली असते. टाकी तळाला लागली होती, फिल्टर बदलला, नाहीतर कुठल्या तरी वॉशरने दम सोडला. याला बॅटरी नाही, अंगठा लागतो. फिल्टरवरचा ब्लीडचा स्क्रू अर्धा-एक आटा सैल करायचा आणि पंपाजवळचा हँडप्रायमर दाबत बसायचं. आधी पांढरा फेस येतो. मग मोठे बुडबुडे फुटतात, गटार तुंबल्यासारखा आवाज होतो. मग धार येते पण मधूनच थुंकते. इथेच सगळे घाई करून स्क्रू कसतात. आणखी वीस-पंचवीस दाब द्यायचे. धार काचेच्या कांडीसारखी अखंड झाली की प्रायमर दाबलेला ठेवूनच स्क्रू कसायचा. खाली डबा धरायला विसरायचं नाही. सांडलेल्या डिझेलवर पाय ठेवून पायऱ्या चढलेला माणूस मी पडताना पाहिलाय. तोही मीच.

५. पान्याने स्टार्टर मारू नये.

जुन्या गाडीचा चावीचा स्विच दगा देतो. मग गाडीखाली शिरून, स्टार्टरच्या सोलेनॉइडवरचे दोन बोल्ट पान्याने एकमेकांना टेकवायचे आणि इंजिन चालू करायचं. ही विद्या प्रत्येक मेस्त्रीला येते आणि प्रत्येक किन्नरला शिकायची हौस असते.

एका पेट्रोल पंपाच्या मागच्या बाजूला हे माझ्या समोर झालं. गाडी आमची नव्हती. रात्री चढावर तोंड करून लावताना ड्रायव्हरने पहिला गिअर टाकून ठेवला होता, आणि ते बरोबरच होतं. सकाळी तो अंघोळीला गेला आणि मेस्त्री गाडीखाली. बोल्टला पाना टेकला तशी गाडी हातभर उडी मारून पुढे गेली. इंजिनने पकडलं असतं तर ती थांबली नसती, कारण या जुन्या डिझेल इंजिनाला एकदा पकडलं की करंटची गरजच उरत नाही, केबिनमध्ये चावी असो नसो. त्या दिवशी पकडलं नाही. मेस्त्रीच्या पायाची दोन बोटं गेली. तोंडातून आवाज न काढता तो नुसता पायाकडे बघत राहिला होता, ते मला अजून दिसतं.

स्विच गेला तर स्विच बदलावा. फार पैशांची गोष्ट नाही.

६. चालू झाली म्हणून रेस देऊ नका.

इंजिनने पकडल्याबरोबर नजर ऑइलच्या काट्यावर. पाच-सात सेकंदांत काटा उठला पाहिजे, दिवा असेल तर विझला पाहिजे. नाही उठला तर लगेच बंद, मग कुणी कितीही ओरडो. पाय ॲक्सिलेटरवर ठेवायचाच नाही. रात्रभरात ऑइल खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं, ते वरपर्यंत चढायला वेळ लागतो. टर्बोचा दांडा तर ऑइलच्या पातळ थरावरच तरंगतो आणि भरात असताना मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो. कोरड्यावर त्याला रेस दिली तर तो तेव्हा काही बोलत नाही, सहा महिन्यांनी शिट्टी वाजवायला लागतो.

उलटं टोकही वाईट. आमच्या मालकांना गाडी अर्धा तास स्लोवर ठेवून ‘गरम’ करायची हौस होती. स्लोवर डिझेल इंजिन गरम होतच नाही, नुसतं धूर आणि काजळी करत बसतं. तीन-चार मिनिटं पुरे, मग हलक्या पायाने निघावं. ही हौस आमच्या नायिकेने बंद केली. मी मालकांच्या सांगण्यावरून गाडी रंगपटाच्या खिडकीखाली चालू ठेवली होती आणि दुसऱ्या अंकाचा मेकअप करता करता बाईंना ठसका लागला. त्या खिडकीत येऊन फक्त एवढंच म्हणाल्या, “मामा, मरायचा प्रसंग माझा तिसऱ्या अंकात आहे.”

७. हवा.

हा मुद्दा मोठा आहे, कारण यात माझी चूक मोठी आहे.

हवेच्या ब्रेकवर चालणाऱ्या गाडीत पायाखाली पेडल असतं, पण ब्रेक लावते ती टाकीतली हवा. इंजिन चालू झालं की कॉम्प्रेसर ती भरतो. जुन्या गाडीच्या नळ्या-व्हॉल्व्ह थोडेफार गळतातच, म्हणून रात्रीत काटा शून्याला येतो. सकाळी चालू केल्यावर बझर कोकलत असतो. साधारण साडेचार-पाच किलोच्या पुढे तो गप्प होतो, पण म्हणून निघायचं नसतं. काटा सात-आठच्या दरम्यान जाऊन व्हॉल्व्ह ‘फुस्स’ करून जास्तीची हवा सोडतो, तो आवाज ऐकल्यावर हवा झाली म्हणायचं. याला पाच मिनिटं लागतात, गळक्या गाडीला दहा. पहाटे, सगळी मंडळी चढून बसलेली असताना, ही दहा मिनिटं फार लांब असतात.

माझ्या पहिल्या गाडीचा बझर मला असह्य व्हायचा. झोपलेली मंडळी उठतात हे निमित्त करून मी त्याची वायर तोडली.

१९९८ च्या पावसाळ्यात देवरुखजवळ गाडी तीन दिवस उभी होती. प्रयोग पावसाने रद्द झाला होता. निघायच्या दिवशी बॅटरी बसली. समोर छान उतार होता. धक्का मारायला नट, तबलजी, प्रकाशयोजनेची पोरं, सगळे हौसेने उतरले. मी दुसरा गिअर टाकून क्लच दाबून बसलो. दहा टनांचं धूड हललं, वेग घेतला, मी क्लच सोडला. गाडीने एक गचका दिला, दोन दिले आणि इंजिनने पकडलंच नाही. चाकांना अडवायला तो गिअरच होता, आणि मी घाबरून पुन्हा क्लच दाबला. मग पेडल दाबलं. पेडल तळाला गेलं आणि काहीही झालं नाही. तीन दिवसांत टाकीत हवेचा टिपूस उरला नव्हता. ओरडून सांगणारा बझर मीच मुका केला होता. हँडब्रेकचा दांडा दोन्ही हातांनी ओढला, पण त्याची तार ताणून सैल झालेली. पुढे वळण, वळणावर शाळेची पोरं छत्र्या घेऊन. मी स्टिअरिंग डावीकडे ओढलं आणि गाडी जांभ्याच्या गडग्यावर घासत घासत नेली. चाळीस-पन्नास फूट गडगा कोसळला, बाजूचा पत्रा पार फाटला, आणि मग ती थांबली. कुणाला खरचटलंही नाही. मागून धावत आलेले आमचे तबलजी धापा टाकत म्हणाले, “मामा, थांबलात कशाला? चांगला वेग आला होता!” त्यांना वाटलं मी मुद्दाम थांबवली.

गडगा बांधून द्यायला आठ दिवस लागले. त्या गावात आठ दिवस राहून मी रोज दगड उचलले. बझर मात्र पहिल्याच संध्याकाळी जोडला.

दुसऱ्या गाडीला स्प्रिंग ब्रेक होते. त्यांचं तंत्र उलटं. मागच्या चाकांवर एक जबरदस्त स्प्रिंग ब्रेक लावूनच ठेवते, आणि हवा झाली की ती हवा स्प्रिंगला मागे दाबून चाक मोकळं करते. हवा नसेल तर गाडी जागची हलत नाही. म्हणून लोक निर्धास्त होतात. पण हवा अर्धवट असतानाही इंजिनच्या जोरावर गाडी फरफटत निघते. ब्रेक अर्धे लागलेले राहतात, ड्रम तापतात आणि दोन किलोमीटरवर जळका वास यायला लागतो. त्या स्प्रिंगचा डबा कुणी रस्त्यावर उघडायला निघालं तर त्याचा हात धरायचा. आत दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस मारते.

हवा झाल्यावर माझा नेम असा: चाकांना ठोकळे, इंजिन बंद, हँडब्रेक मोकळा, पेडल एक मिनिट दाबून ठेवायचं आणि काटा बघायचा. कान उघडे ठेवायचे, गळती साप फुत्कारल्यासारखी ऐकू येते. काटा सरसर उतरला तर निघायचं नाही. ठीक असेल तर परत चालू करून ठोकळे काढायचे, गाडी पाच फूट न्यायची, थांबवायची, आणि मग मंडळींना चढू द्यायचं. आधी नाही.

८. हवेच्या टाक्यांखाली पाणी काढायचा कॉक असतो. रोज उघडायचा. पाणी संपून कोरडी हवा आली की बंद. पावसाळ्यात कोकणात कपभर निघतं. त्यात ऑइलची साय दिसायला लागली की कॉम्प्रेसरचं वय झालं.

९. आधी बिडी, मग बंद.

माझे उस्ताद शिकलेले नव्हते आणि टर्बो त्यांनी उतारवयात पाहिला. तरी घाट चढून वर आलं की ते इंजिन स्लोवर ठेवून खाली उतरायचे, टायरला टेकून एक बिडी ओढायचे, थोटूक विझवायचे आणि मग इंजिन बंद करायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “पळून आलेल्या बैलाला लगेच दावणीला बांधतोस काय रे?”

पुढे कळलं ते असं. घाट चढून आल्यावर टर्बो लाल होण्याइतका तापलेला असतो. इंजिन एकदम बंद केलं की ऑइलचा पंपही बंद. आत अडकलेलं ऑइल तिथेच करपून कोळसा होतं, आणि तो कोळसा दांडा खातो. दोन-तीन मिनिटं स्लोवर ठेवलं तर फिरतं ऑइल ती उष्णता घेऊन जातं. हे मला आमच्या मालकांच्या खर्चाने समजलं. आंबा घाट चढून वर चहाला थांबलो, मंडळींना घाई, मी लगेच इंजिन बंद करून मोकळा. असं दोन वर्षं केलं. टर्बो गेला तेव्हा मालक काही बोलले नाहीत, फक्त बिल माझ्यासमोर ठेवून चष्मा पुसत बसले. ते जास्त लागलं.

आणखी एक खोड आहे, बंद करायच्या आधी एक शेवटची जोरदार रेस. जुने लोक ऐटीत करायचे, तरुण त्यांचं बघून करतात. टर्बो भरात फिरवायचा आणि त्याच क्षणी त्याचं ऑइल तोडायचं, याहून वाईट त्याला काही करता येत नाही. मी बिडी ओढत नाही. मी दोनदा संपूर्ण फेरी मारतो, तेवढाच वेळ होतो, आणि हात लावून चाकांचे ड्रम किती तापलेत तेही कळतं.

१०. ओढलेली मूठ परत ढकला.

जुन्या डिझेल इंजिनाची चावी काढली तरी ते चालूच राहतं. ते बंद करायला डॅशबोर्डखाली एक मूठ असते, ती ओढली की तिची तार पंपाचं डिझेल तोडते. मूठ पूर्ण ओढून इंजिन पूर्ण शांत होईपर्यंत धरून ठेवायची. अर्धवट ओढून सोडली की ते धडपडत, गाडी हादरवत राहतं, आणि क्लचपासून खिडक्यांच्या काचांपर्यंत सगळ्यांना ते जाणवतं. मग मूठ परत आत ढकलायची.

ही शेवटची गोष्ट एका पहाटे रत्नागिरीत मी केली नव्हती. स्टार्टर जोरात फिरतोय, टाकी भरलेली, एअर नाही, तरी इंजिन पकडत नाही. तासाभराने मेस्त्री मोटारसायकलवर आला. लुंगीवर स्वेटर. केबिनमध्ये चढला, टॉर्च लावला, मूठ अंगठ्याने आत ढकलली, म्हणाला “मारा.” पहिल्या झटक्याला चालू. त्याने पन्नास रुपये घेतले आणि ही गोष्ट कुणाला सांगणार नाही असं म्हणाला. मला त्याचा भरवसा नाही.

तार तुटली तर घाबरू नये. ठोकळे लावायचे, आसपासची माणसं बाजूला करायची, वरचा गिअर टाकायचा, ब्रेक पूर्ण दाबायचा आणि क्लच हळू सोडायचा. इंजिन गुदमरून बंद पडतं.

बॅटरीचा मेन स्विच इंजिन पूर्ण थांबल्यावरच तोडायचा. इंजिन फिरत असताना तोडला तर अल्टरनेटरला वीज टाकायला जागा उरत नाही आणि तो स्वतःचेच डायोड जाळतो. क्रम लक्षात ठेवायला सोपा: इंजिन, चावी, मेन.

११. उभी करायची ती उभी राहील अशी.

सपाट जागा असेल तर उत्तमच. चढावर तोंड असेल तर पहिला गिअर, उतारावर असेल तर रिव्हर्स, पुढची चाकं कडेला वळवलेली. हँडब्रेक असला तरी लाकडी ठोकळे लावायचे. रस्त्यावरचा दगड लावणारे पुष्कळ, तो निघताना उचलून बाजूला टाकणारे कमी. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला तो अंधारात सापडतो. माझ्या गाडीत दोन बाभळीचे ठोकळे होते, एकाला मंडळी ‘राजा’ म्हणायची, दुसऱ्याला ‘प्रधान’. राजा आंबोलीत कुणीतरी चुलीत घातला.

१२. बरेच दिवस उभी राहिलेली गाडी.

मार्च २०२० मध्ये नाट्यगृहं बंद झाली. मधे ५ नोव्हेंबर २०२० पासून निम्म्या खुर्च्यांवर परवानगी मिळाली, पण निम्म्या खुर्च्यांवर बसचा दौरा कुणाला परवडतो? पुढच्या उन्हाळ्यात परत कुलूप लागलं. आमची गाडी पत्र्याच्या शेडमध्ये होती. पहिल्याच आठवड्यात मी डिझेलची टाकी काठोकाठ भरून घेतली, कारण रिकाम्या टाकीच्या भिंतींना पाणी सुटतं. बॅटऱ्या काढून घरी आणल्या. एअर क्लीनरच्या आणि सायलेन्सरच्या तोंडाला फडकी बांधली आणि ती काढायची आठवण म्हणून स्टिअरिंगला लाल चिंधी बांधली. दर महिन्याला जाऊन जॅक लावून पुढची चाकं थोडी फिरवून यायचो. उंदरांचं मात्र काही करता आलं नाही. त्यांनी हेडलाइटच्या वायरी खाल्ल्या आणि नायिकेच्या सीटमध्ये संसार मांडला.

२२ ऑक्टोबर २०२१ ला पडदे पुन्हा उघडायचं ठरलं. त्याच्या आधी दोन दिवस मी आणि एक मेस्त्री सकाळपासून शेडमध्ये होतो. फडकी काढली. फिल्टरच्या तळाचं पाणी सोडलं, ते गढूळ चहासारखं होतं. काडी बघितली. बॅटऱ्या जोडल्या, निगेटिव्ह शेवटी. ब्लीड केलं, धार अखंड होईपर्यंत. आणि मग स्टॉपची मूठ ओढून ठेवूनच स्टार्टर मारला, दहा सेकंद. डिझेल तोडलेलं, म्हणजे इंजिन पकडणार नाही, नुसतं फिरेल, आणि दीड वर्ष कोरड्या पडलेल्या बेअरिंगांपर्यंत ऑइल चढेल. मिनिटभर थांबलो. परत दहा. परत मिनिटभर. चौथ्या फेरीत ऑइलचा दिवा विझला. तेव्हा मूठ आत ढकलली.

एक घरघर, एक उचकी, आणि शेड पांढऱ्या धुराने भरून गेली. मेस्त्री खोकत बाहेर पळाला. मी पाय ॲक्सिलेटरपासून लांब ठेवून बसलो होतो. धूर विरळ झाला तसं दारात काही मंडळी दिसली. आवाज ऐकून आली असावीत. नायिकाबाई होत्या, तबलजी होते, केस पांढरे झालेले. एक नवा मुलगा होता, त्याने ही गाडी चालू झालेली पाहिलीच नव्हती. तो सरळ पायरी चढून आत आला.

“मामा, चालू झाली की! एक चक्कर मारू या?”

काटा साडेतीनवर होता. बझर कोकलत होता.

“खाली उतर,” मी म्हणालो. “चहा सांग सगळ्यांना. अजून हवा झाली नाही.”